हात फिरला की गाणारे जाते: प्रतिसाद देणारी कलाकृती घडवण्याची रीत

प्रेक्षकाच्या कृतीला प्रतिसाद देणारी तंत्राधारित कलाकृती करायची म्हटली, की बहुतेक जण प्रथम सेन्सर विकत घेतात आणि मग त्याला शोभेल असा विषय शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपल्या भागातल्या माणसांच्या अंगात मुरलेली एखादी हालचाल आधी निवडावी आणि कोणता सेन्सर लागेल, हे त्या हालचालीनेच ठरवू द्यावे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या ओव्या ऐकवणारे एक जाते मी याच रीतीने केले. त्याच्याच आधाराने पुढील पद्धत मांडतो.

बेळगाव परिसरात अशा हालचालींना तोटा नाही. शहापूर-वडगावचा माग, खानापूरच्या कुंभाराचे चाक, निपाणीकडे विडी वळणारी बोटे, यांतली प्रत्येक हालचाल कलाकृतीचा पाया होऊ शकते. निवड करताना मी तीन गोष्टी तपासतो: सूचनाफलक न वाचता माणूस ती हालचाल करू लागेल का, तिला स्वतःची लय आहे का, आणि ती थांबली तर त्या थांबण्यालाही काही अर्थ आहे का. विडी वळणे पहिल्याच कसोटीवर मागे पडते, कारण ते कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचे असते. जाते मात्र तिन्ही कसोट्यांना उतरते. खुंटा दिसला की हात आपोआप तिकडे जातो, फिरवण्याला ठेका असतो, आणि दळण थांबले की ओवीही थांबते.

सामान आणण्यापूर्वी किमान काही दिवस केवळ पाहण्यात आणि ऐकण्यात घालवावेत. दळणारी बाई एक पाय लांब करून कशी बसते, घास घालताना दुसरा हात खुंट्यावर कसा राहतो, ओवीची ओळ कुठल्या फेऱ्यावर सुटते, हे वहीत टिपून ठेवावे. एका मिनिटात किती फेरे होतात तेही मोजावे, कारण पुढचे सगळे गणित त्याच आकड्यावर उभे राहते. जात्यावरच्या ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कामातून ओवी कशी ऐकावी, हे पुष्कळ शिकता येते. आपल्या सीमाभागात मात्र कान आणखी एका गोष्टीसाठी उघडा ठेवावा लागतो. येथे ओवीत पंढरीच्या विठ्ठलाबरोबर सौंदत्तीची यल्लम्माही येते, आणि शेजारच्या घरात कन्नडमधून बीसुव कल्लिन पद, म्हणजे जात्यावरचीच गाणी, म्हटलेली असतात.

ध्वनिमुद्रण पहाटे किंवा दुपारच्या निवांत वेळी करावे. पंखा बंद ठेवावा आणि मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे कौलांवरचा पाऊस सगळे मुद्रण गिळून टाकतो, म्हणून हे काम मृगापूर्वीच उरकलेले बरे. जात्याची घरघर ओवीबरोबर मुद्रित करू नये. प्रदर्शनात ती खऱ्या दगडातून येणारच आहे. मुद्रणापूर्वी त्या बाईंना हा आवाज कुठे, कोणासमोर वाजणार आहे हे स्पष्ट सांगावे, नाव द्यायचे की नाही हे त्यांच्याच मर्जीवर सोडावे आणि एखादी ओवी घराबाहेर जाऊ नये असे त्या म्हणाल्या, तर ती त्यांच्यासमोरच पुसावी.

आता तंत्राकडे वळू. जात्याचा वरचा दगड फिरतो, त्यामुळे त्यावर तार नेता येत नाही. चार फेऱ्यांतच ती गुंडाळली जाईल. म्हणून फिरत्या भागावर केवळ वीज न लागणारी चुंबके ठेवावीत आणि सारी विद्युत यंत्रणा स्थिर भागावर असावी. वडिलोपार्जित दगडाला भोक पाडू नये. चामड्याच्या पट्ट्यात सारख्या अंतरावर आठ लहान निओडिमियम चुंबके शिवून तो पट्टा वरच्या दगडाच्या कडेभोवती घट्ट बांधावा. समोर, साधारण अर्ध्या सेंटीमीटरवर, ए ३१४४ जातीचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोरून गेले की विजेचा एक ठोका देणारा सेन्सर, बसवावा. हा सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो, त्यामुळे सर्व चुंबकांची तीच बाजू बाहेर यायला हवी. एक जरी उलटे बसले, तरी दर फेऱ्याला एक ठोका हरवतो. सेन्सर आर्डुइनो उनो या छोट्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या २ क्रमांकाच्या पिनला जोडावा. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे रचनाकलेच्या विद्यार्थ्यांसाठीच तयार झाले, तेव्हा अभियंता नसलेल्या कलावंताने त्याला बिचकण्याचे कारण नाही. तरीही अडल्यास गणेशोत्सवात हलते देखावे उभारणाऱ्या कारागिरांना विचारावे. मोटार, रिले आणि वायरिंग त्यांच्या रोजच्या हाताखालचे असते. सेन्सरसाठी लोखंडी आधार लागलाच, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तो घडवून मिळतो.

मिनिटाला ३० फेरे धरले, तर आठ चुंबकांमुळे सेकंदाला चार ठोके मिळतात, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांना एक. सलग तीन ठोके आले नाहीत, म्हणजे ७५० मिलिसेकंद शांतता राहिली, की जाते थांबले असे समजावे. यापेक्षा कमी वेळ ठेवल्यास घास घालताना फिरण्याचा वेग मंदावतो तेवढ्यानेही ओवी तुटते. जास्त ठेवल्यास हात काढल्यावरही आवाज रेंगाळतो आणि आपल्या हाताने गाणे चालते आहे हा विश्वास उडतो. कलाकृतीचा जीव या एका आकड्यात आहे, म्हणून तो ठरवायला मी कित्येक संध्याकाळी दिल्या, आणि त्याची खंत वाटत नाही.

आवाजासाठी डीएफ प्लेअर मिनी हे छोटे यंत्र पुरते. त्यात ३२ जीबीपर्यंतचे मेमरी कार्ड बसते आणि आवाजाची पातळी ० ते ३० अशी बदलता येते. जाते थांबल्यावर ध्वनी एकदम तोडू नये. पातळी दहा पायऱ्यांत, प्रत्येक पायरीला १०० मिलिसेकंद देत उतरवावी, मग पॉजची आज्ञा द्यावी आणि फिरणे पुन्हा सुरू होताच ओवी तिथूनच पुढे न्यावी, पहिल्यापासून नव्हे. वेग वाढला की आवाजही जलद करावा असा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा, कारण वृद्ध बाईच्या स्वराची त्यामुळे थट्टा होते.

जाते पुष्कळदा दोघी मिळून ओढतात. एकीने ओळ म्हणायची आणि दुसरीने ती उचलायची. हे कलाकृतीत आणण्यासाठी दोन्ही बाजूंच्या बैठकींवर घोंगडी अंथरावी आणि प्रत्येकीखाली घरी केलेला स्विच ठेवावा: पुठ्ठ्यावर चिकटवलेले ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर आणि मध्ये भोके पाडलेला पातळ फोम. माणूस बसला की भोकांतून दोन्ही थर टेकतात. दुसऱ्या स्वरासाठी दुसरा प्लेअर लावून दोन्ही एकदम सुरू करावेत, मात्र दुसऱ्याची पातळी शून्यावर ठेवावी. दोन्ही बैठकी भरल्या की ती हळूहळू वर न्यावी. अनोळखी माणसे समोरासमोर बसतात आणि दुसरा स्वर येताच एकमेकांकडे पाहतात. हा क्षण मला संपूर्ण कामात सर्वांत मोलाचा वाटतो.

विजेबाबत एक इशारा आवश्यक आहे. पॉवर बँकेवर विसंबू नये, कारण ही यंत्रणा इतका थोडा प्रवाह घेते, की अनेक पॉवर बँका काहीच जोडलेले नाही असे समजून स्वतःहून बंद पडतात. ५ व्होल्टचा चांगला ॲडॉप्टर आणि त्यामागे लहान यूपीएस घ्यावा. जात्याच्या हादऱ्याने ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे नुसत्या तारा खोचायच्या पाटीवरच्या, तारा सुटतात, म्हणून सर्व जोड डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करावेत आणि यंत्रणा झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी; दमट हवा आणि पीठ, दोन्ही आत जाता कामा नये.

पीठ खरेच पडू द्यावे. रिकामे जाते फिरवल्यास दगडावर दगड घासून कच निघते, त्यामुळे शेजारी सुपात जोंधळे ठेवावेत. जाते टेबलावर मांडू नये. जमिनीवर बसण्याची पद्धतच हरवली, तर उरते ते नुसते बटण. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी बाजूला एक बुटका पाट ठेवावा.

प्रदर्शनापूर्वी घरच्या पडवीत आत्या, शेजारच्या काकू आणि मुले यांना बोलवावे आणि काहीही न सांगता दूर बसून त्यांचे हात पाहावेत. ज्या जागी तिघांचा हात अडखळतो, ती जागा बदलावी. फलक लागलाच, तर एका ओळीचा, मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा. रोज संध्याकाळी दगड कुंच्याने झाडावा, पट्टा सैल झाला नाही ना हे पाहावे आणि मेमरी कार्डाची एक प्रत वेगळी ठेवावी. दुसरी प्रत गाणाऱ्या बाईंच्या घरी, त्यांच्या लेकीच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये घालून द्यावी.