अ‍ॅपचा आयडी ठरवताना या चुका टाळा

अ‍ॅपचं नाव बदलता येतं, आयकॉन बदलता येतो. आयडी, म्हणजे सिस्टिम अ‍ॅपला ज्या अंतर्गत नावाने ओळखते तो, मात्र एकदा लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचला की त्याला हात लावणं महागात पडतं. तरी तो ठरवायला आपण दोन मिनिटंही देत नाही.

सगळ्यात घातक चूक कॉपी-पेस्टची. विंडोजसाठी इनो सेटअप (इन्स्टॉलर बनवायचं टूल) वापरताना मी जुन्या अ‍ॅपची स्क्रिप्ट उचलली, नाव बदललं आणि ‘अ‍ॅपआयडी’ची ओळ तशीच राहिली. नवं अ‍ॅप टाकताना सेटअपने जुन्याचंच फोल्डर धरलं, मीही ‘नेक्स्ट’ दाबत गेलो. अनइन्स्टॉलच्या यादीत दोघांची मिळून एकच नोंद! ती काढली, तर दोन्ही अ‍ॅप गेली. इन्स्टॉलरच्या लेखी ते जुन्याचंच अपडेट होतं. आता प्रत्येक अ‍ॅपला इनो सेटअपच्या टूल्स मेनूतून नवा जीयूआयडी (कुठेच पुन्हा न येणारा लांबलचक ओळख-क्रमांक) काढतो आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना तोच ठेवतो. (त्या ओळीत सुरुवातीचा महिरपी कंस दोनदा लागतो, हे विसरून मी बराच वेळ घालवलाय.) एमएसआय (विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर प्रकार) असेल तर सगळ्या आवृत्त्यांना जोडणारा अपग्रेडकोड कायम ठेवायचा, मोठ्या अपग्रेडला त्या आवृत्तीचा प्रॉडक्टकोड बदलायचा.

मॅक आणि लिनक्सवर आयडी म्हणून उलटं लिहिलेलं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि पुढे अ‍ॅपचं नाव वापरतात. टेम्प्लेटमधलं ‘कॉम.एक्झाम्पल’ तसंच सोडू नका, आणि दुसऱ्याचं डोमेनही घेऊ नका. स्वतःचं डोमेन नसेल तर ‘आयओ.गिटहब.युजरनेम.अ‍ॅप’ हा प्रकार फ्लॅटहबवर (लिनक्सच्या फ्लॅटपॅक अ‍ॅपचं स्टोअर) चालतो. फ्लॅटपॅकच्या आयडीला टिंबांनी वेगळे केलेले निदान तीन भाग लागतात आणि कुठलाही भाग आकड्याने सुरू होत नाही. डोमेनच आकड्याने सुरू होत असेल तर आधी अंडरस्कोर.

लिनक्सवर अ‍ॅप नीट चालतं, पण डॉकमध्ये भलतंच सरधोपट चित्र दिसतं? आयकॉनची फाइल उघडून बघत बसू नका. वेलँडवर (लिनक्सवर विंडो दाखवायची नवी पद्धत) विंडो जो अ‍ॅप-आयडी सांगते, त्याच नावाची डॉट-डेस्कटॉप फाइल शोधली जाते; अ‍ॅपचं नाव आणि आयकॉन तिच्यात नोंदवलेले असतात. एखादं अक्षर कॅपिटल-स्मॉल झालं तरी जुळणी फसू शकते.

मॅकवर ‘अपडेटनंतर सेटिंग्ज उडाल्या’ अशी तक्रार आली, तर बंडल आयडी (मॅकवरचा अ‍ॅपचा आयडी) बदललाय का ते आधी पाहा. प्रेफरन्सेसची फाइल त्याच नावाने साठवलेली असते. जुनी फाइल सहसा जागेवरच असते. शक्य असेल तर जुना आयडी परत आणा, नाहीतर पहिल्यांदा सुरू होताना जुन्या नावाची फाइल वाचून सेटिंग्ज नव्या नावाखाली उतरवून घ्या. सँडबॉक्स्ड (बाकी सिस्टिमपासून वेगळं कोंडलेल्या) अ‍ॅपचा कंटेनर, म्हणजे त्याचं स्वतःचं बंदिस्त फोल्डरही आयडीनुसार वेगळं असतं, त्यामुळे तिथे हा उपाय इतका सरळ नाही.