मॉडेल इंजिनच्या गिअरसाठी धातूची निवड

मॉडेल इंजिनचे गिअर घरच्या लेथवर आणि मिलिंग मशीनवर कापायचे असतील, तर धातू एकेका चाकासाठी न निवडता एकमेकांत चालणाऱ्या जोडीसाठी निवडावा. दोन्ही चाके एकाच नरम पोलादाची असली आणि तेल जरा कमी पडले, की दातांचे पृष्ठभाग एकमेकांना धरू लागतात, धातू ओरबाडला जातो आणि एकदा खरबरीत झालेला दात समोरच्या दाताला खात राहतो. याला मोठा अपवाद करड्या बिडाचा आहे; त्यातल्या ग्रॅफाइटमुळे बीड बिडावरही चांगले चालते.

जोडीत आधी पिनियनचा, म्हणजे लहान चाकाचा, विचार करावा. चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे क्रँकवर २० दाते असतील तर कॅमवर ४० लागतात आणि मोठ्या चाकाचा दाता एकदा कामाला येईपर्यंत पिनियनचा दाता दोनदा आलेला असतो. शिवाय दाते जितके कमी, तितका प्रत्येक दाता बुडाशी बारीक असतो. म्हणून पिनियनचा धातू नेहमी मोठ्या चाकापेक्षा कठीण असावा.

पिनियनसाठी माझी पहिली पसंती ईएन ८ या पोलादाला आहे (‘ईएन’ हे पोलादाच्या प्रकारांचे जुने ब्रिटिश क्रमांक). त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो, हायस्पीड स्टीलच्या कटरने ते व्यवस्थित कापले जाते आणि क्रँक आणि कॅम जोडणाऱ्या टायमिंग गिअरच्या भाराला ते आहे त्या स्थितीत पुरते. ईएन १ए त्याहून सहज कापले जाते आणि त्यावर फिनिशही सुंदर येते, पण कार्बन कमी असल्याने त्याला नुसते तापवून पाणी देऊन, म्हणजे झटकन थंड करून, ते कठीण होत नाही. हलक्या कामापुरतेच ते वापरावे. ट्रॅक्शन इंजिनच्या (वाफेवर चालणाऱ्या ओढगाडीच्या) मॉडेलमधील शेवटच्या गिअरसारखा जड भार असेल तर ईएन २४ घ्यावे; मात्र कटरची धार उत्तम असली पाहिजे आणि वेग कमी ठेवला पाहिजे. सिल्व्हर स्टील या जास्त कार्बनच्या पोलादाला पाणी देऊन कठीण करता येते खरे, पण त्यात चाक वाकडे होण्याचा धोका असतो आणि कठीण झालेले दाते ग्राइंड करण्याची सोय घरी क्वचितच असते. टायमिंग गिअरसाठी हा खटाटोप शक्यतो टाळावा.

मोठ्या चाकाची निवड अधिक बारकाईने करावी लागते. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते आणि बंद होताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, त्यामुळे दात्याची एक बाजू सुटून दुसऱ्या बाजूवर भार येतो आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी जागा) जास्त असेल तर इंजिन खडखडते. कंपने शोषणारे बीड इथे फार उपयोगी पडते. ओतीव तुकडा असेल तर पहिलाच काप त्याच्या कठीण सालीखालून घ्यावा, काम कोरडेच करावे आणि कटर बाहेर पडतो त्या बाजूला एक टाकाऊ चकती लावावी, म्हणजे दात्याची कड तुटत नाही. दाते फारच बारीक असतील तर मात्र ठिसूळ बिडाऐवजी फॉस्फर ब्रॉन्झ घ्यावे. या धातूला बोथट कटर चालत नाही. तो कापण्याऐवजी घासतो आणि पृष्ठभाग कडक होत जातो. वर्म गिअरमध्ये, म्हणजे स्क्रूसारखा वर्म चाकाला फिरवतो त्या जोडीत, दाते सतत घसरत असल्याने तिथे कठीण पोलादाचा वर्म आणि फॉस्फर ब्रॉन्झचे चाक हीच जोडी घ्यावी. पितळ लोण्यासारखे कापले जाते, पण स्प्रिंगच्या उलटसुलट झटक्यांखाली लवकर झिजते, म्हणून तेलाच्या छोट्या पंपासारख्या हलक्या कामालाच ते ठेवावे. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम कधीच चालवू नये.

इंजिनच्या बॉडीचा धातूही लक्षात घ्यावा. ०.८ मोड्यूलच्या (मोड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचे माप) २० आणि ४० दात्यांच्या जोडीत केंद्रांमधील अंतर २४ मिमी येते. ॲल्युमिनियमची बॉडी ६० अंश सेल्सिअसने तापली तर हे अंतर सुमारे ०.०३३ मिमीने वाढते, तर पोलादी चाकांची वाढ त्याच्या निम्मीच असते, म्हणून गरम इंजिनात बॅकलॅश किंचित वाढतो. बिडाच्या बॉडीत ब्रॉन्झचे चाक असेल तर याच्या उलट घडते, कारण ब्रॉन्झ बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते. अशा जोडीत थंड असताना बॅकलॅश थोडा सैल ठेवावा.