सोलरच्या गरम नळात हवा अडकली तर
आमच्या जळगाव-धुळ्याकडे पाण्याची पाळी चुकली की गच्चीवरची टाकी कोरडी पडते आणि सोलरच्या पाइपात हवा शिरते. मग टाकी भरली तरी गरम नळ नुसता फुसफुसतो, करंगळीएवढी धारही धरत नाही. प्लंबर बोलावण्याआधी मिक्सर नळाचं तोंड जाड ओल्या फडक्यानं घट्ट दाबा आणि थंड-गरम दोन्ही चाव्या अर्धा मिनिट उघडा. थंड पाणी उलटं चढून हवेला वर रेटतं. हात जपून काढा, मागोमाग कढत पाणी येतं. वारंवार होत असेल तर सोलरवरची उभी हवेची नळी बघा. बोअरच्या क्षारानं ती बुजते. आणि कृपा करून, रिकामं सोलर भर उन्हात भरू नका. तापलेल्या काचेच्या नळ्या थंड पाण्यानं तडकतात. सकाळी ऊन चढण्याआधीच भरा.