ओट्याचा दगड निवडताना या चुका टाळा

स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं की पहिली फेरी ग्रॅनाईटच्या दुकानात होते आणि दिव्यांच्या झगमगाटात चकचकीत पॉलिश बघून दगड ठरतो. ओट्यावर मात्र रोज पडणार असते हळद, तेल, लिंबू, चिंचेचा कोळ आणि चुलीवरून उतरवलेला तवा. हळदीचा रंग भांड्याला लागतो तसाच दगडातही मुरतो. तेव्हा दगड या कसोटीवर घासूनच घ्यावा.

नमुना न तपासता ऑर्डर देणं

दुकानदाराकडून त्याच लादीचा चार इंची तुकडा मागून घ्या. धुऊन पूर्ण वाळवा. एका कोपऱ्यावर तेलात कालवलेली हळद, दुसऱ्यावर लिंबाचा रस, तिसऱ्यावर पाण्याचे थेंब ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत पाण्याखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो. अशा दगडाला सिलर, म्हणजे पाणी-डाग आत मुरू न देणारा द्रव, लागणारच. हळद आणि लिंबू रात्रभर राहू द्या. सकाळी धुऊन तुकडा खिडकीशी तिरका धरून बघा. लिंबाच्या जागी चमक गेलेली दिसली तर त्या दगडात चुना आहे. संगमरवर, कडप्पा आणि कोटा तिन्ही चुनखडीचे, त्यामुळे आंबटाने त्यांचं पॉलिशच विरघळतं. तो डाग नसतो, म्हणून कितीही घासलं तरी जात नाही. पुन्हा पॉलिशच मारावं लागतं. कडप्पा ओट्याखालच्या उभ्या-आडव्या आधारांना उत्तम, वरच्या पृष्ठभागाला नको.

काळा ग्रॅनाईट घेत असाल तर चौथ्या कोपऱ्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेलं पांढरं फडकं घासा. फडकं काळं झालं तर दगडाला रंग दिलेला आहे. वर्ष-दोन वर्षांत तो सिंकपाशी करडा पडतो.

क्वार्ट्झला ग्रॅनाईट समजणं

क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) यांचा कारखान्यात दाबून केलेला पाट. तो पाणी पीत नाही, सिलर मागत नाही, ही मोठीच सोय. पण भाकरीचा तवा 200 अंशांच्या पुढे सहज जातो आणि रेझिन साधारण 150 अंशांनंतर पिवळं पडू लागतं. तव्याच्या बुडाएवढा डाग उमटला की तो निघत नाही. दोन्ही वेळ भाकरी होणाऱ्या घरात शेगडीच्या बाजूला ग्रॅनाईटच बरा. क्वार्ट्झ हवाच असेल तर तवा-कढईसाठी तिवई कायम हाताशी ठेवा. उन्हानेही त्याचा रंग बदलतो, म्हणून उघड्या गॅलरीतल्या भांडी घासायच्या ओट्याला तो वापरू नये.

दगड चांगला, कटिंग चुकीचं

ओटा फुटतो तो बहुतेक वेळा सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कोपऱ्यातून. कटर काटकोनात फिरवला की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि तिथूनच चीर सुटते. चारही कोपऱ्यांना आधी ड्रिलने गोल भोक पाडून मग त्यांच्यामध्ये कापायला सांगा. सिंकच्या पुढे आणि मागे किमान अडीच-तीन इंचांची पट्टी राहिली पाहिजे. तिच्याखाली कडप्प्याचा आधार हवा आणि जोड सिंक-हॉबवर कधीच येऊ नये. आधार दर दोन-अडीच फुटांवर घ्या. 18 मिलिमीटर ग्रॅनाईट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. खलबत्ता ठेवायची जागाही आधीच ठरवा: ती उभ्या आधाराच्या बरोबर वर असावी, मधल्या पोकळीवर नाही. ठेचा रोज तिथेच कुटला जाणार आहे.

बसवल्यावर दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोकून बघा. एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज आला तर तिथे खाली माल भरलेला नाही. मिस्त्री निघून जायच्या आत तो भाग दुरुस्त करून घ्या. फिकट रंगाच्या ग्रॅनाईटखाली ओलं राखाडी सिमेंट असेल तर वर ढगासारखे गडद पट्टे उमटतात, तेव्हा पांढरं अ‍ॅडेसिव्ह वापरायला सांगा.

उंची विसरणं

जुन्या ओट्यावरच नवी लादी टाकली तर उंची जवळपास इंचभर वाढते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली ओटा असावा. पाच फुटांच्या बाईला साधारण 32 ते 33 इंच पुरतात.

डाग पडल्यावर ॲसिड

बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या ग्रॅनाईटवर नळाभोवती पांढरं कडं धरतं. रात्री ओटा कोरडा पुसला तर ते साठत नाही. शौचालयाचं ॲसिड वापरू नका, पॉलिश आणि जोड दोन्ही खराब होतात. तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप लावा, प्लास्टिकने झाकून दिवसभर ठेवा, मग पुसून घ्या. फिकट दगडावरची हळद उन्हाने फिकी पडते. खिडकीजवळचा डाग असेल तर आधी दोन-चार दिवस वाट बघा.

बिलातली चूक

दर चौरस फुटाचा विचारतात, पण मोल्डिंग (कडा गोल करणं), सिंकचं कटिंग आणि डबल पट्टी (कड जाड दिसावी म्हणून खाली चिकटवलेली पट्टी) यांचे पैसे वेगळे लागतात. शिवाय कापून उरलेला दगडही मापात धरतात. पूर्ण लादीचं माप की बसवलेल्या ओट्याचं, हे आगाऊ रक्कम देण्याआधी कागदावर लिहून घ्या.