युंगफ्राऊच्या परिसरात सुट्टी आखताना

मे महिना आणि दिवाळी, आपल्या या दोन्ही मोठ्या सुट्ट्या स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊ शिखराभोवतीच्या आल्प्ससाठी अडनिड्या. मेमध्ये 2,000 मीटरच्या वरच्या बऱ्याच पायवाटा बर्फाखालीच असतात, आणि एप्रिल-मे व नोव्हेंबर हा अनेक रोपवेंच्या देखभालीचा काळ. डोंगरात चालायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबर गाठा. मेशिवाय जमतच नसेल तर महिन्याच्या शेवटी जा आणि दरीतले धबधबे बघा. बर्फ वितळत असल्याने लाउटरब्रुनेनचा 297 मीटरचा श्टाउबबाख तेव्हा जोरात असतो. युंगफ्राऊयोखची, म्हणजे शिखराजवळच्या बर्फाळ खिंडीतल्या स्टेशनाची, रेल्वे वर्षभर चालते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. तेवढ्यावर विसंबू नका.

मुक्काम एकाच गावात, किमान चार रात्री. रोज बॅगा भरून गाव बदलण्यात निम्मी सकाळ जाते. इंटरलाकेन (570 मीटर) स्वस्त आणि सोयीचं, पण डोंगर तिथून लांब. लाउटरब्रुनेन दरीच्या तळाशी आहे. वेंगेन (1,274) आणि म्युरेन (सुमारे 1,640) वरच्या कड्यांवर. तिथे गाडी जात नाही, त्यामुळे सामान रेल्वे-रोपवेतून न्यावं लागतं. मोठ्या सुटकेसपेक्षा दोन छोट्या बऱ्या.

झुरिच विमानतळावरून इंटरलाकेन ओस्ट साधारण सव्वादोन तासांवर. पुढची गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते, अर्धी लाउटरब्रुनेनला, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. नेमकी इथेच फसगत होते. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा.

पासचा हिशेब असा. स्विस ट्रॅव्हल पासवर (ठरावीक दिवस देशभर फिरण्याचा पास) वेंगेन आणि म्युरेनपर्यंत वेगळं तिकीट लागत नाही, पण वेंगेनहून वर युंगफ्राऊयोखला 25 टक्केच सूट. हाफ फेअर कार्डावर बहुतेक सगळीकडे, युंगफ्राऊयोखलाही, निम्मं भाडं. रोज नवं शहर गाठणाऱ्यांना पास परवडतो. एका गावात राहून डोंगर फिरणाऱ्यांना बहुधा कार्ड. मुलं सोबत असतील तर स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, त्यावर आई-वडिलांसोबत मुलांचा प्रवास फुकट होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: युंगफ्राऊयोखचा दिवस घरून ठरवू नका. ढगात शिरलात तर इतकं महाग तिकीट पांढऱ्या भिंतीकडे बघण्यात जातं. मुक्कामातले दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघा, सकाळी वरचा वेबकॅम उघडा आणि स्वच्छ असेल तर पहिल्या गाड्यांपैकी एक धरा. उन्हाळ्यात दुपारकडे ढग जमतात. गर्दीच्या महिन्यांत वरच्या गाडीचं आसन वेगळे पैसे देऊन राखावं लागतं, आणि चांगल्या हवेच्या दिवशी सकाळच्या जागा लवकर संपतात. म्हणून अंदाज पटला की त्याच संध्याकाळी आरक्षण.

युंगफ्राऊयोखचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे आणि दरीतून तिथे दोनेक तासांत पोहोचता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हळू चाला, पाणी पीत राहा, जिन्यावर धावू नका. डोकं ठणकलं, मळमळलं तर बसून सहन न करता खाली उतरा. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं.

ढगाळ दिवशी दरीतले ट्र्युमेलबाख धबधबे करा, ते डोंगराच्या पोटात आहेत. निवळलं की मेन्लिखेन या रोपवेच्या वरच्या टोकापासून क्लाइन शाइडेग या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनापर्यंत चाला: सुमारे साडेचार किलोमीटर, दीड तास, बहुतांश हलका उतार, समोर आयगर शिखर. आजी-आजोबाही करू शकतात, पण चपलांवर नको. पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर बहुधा वेळ लिहिलेली असते, तीही न थांबता चालण्याची. फोटो आणि डबा धरून दीडपट करा. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणेची वाट डोंगराळ, तिला घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेकडे वळूच नका, ती सराईत गिर्यारोहकांची अवघड वाट. शेवटच्या रोपवेची वेळ वर जातानाच टिपून ठेवा, तो चुकला तर अंधारात पायी उतरणं येतं.

रविवारी गावातली काही दुकानं बंद असू शकतात. दूध, ब्रेड, फळं शनिवारीच भरा. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो.