खाजणारी प्रत्येक पुळी मुरुमाची नसते
छाती, पाठ किंवा कपाळावर केसांच्या मुळाशी एकसारख्या आकाराच्या बारीक लालसर पुळ्या उठल्या असतील, त्यांना खाज सुटत असेल आणि त्यांत काळ्या टोकाची एकही पुळी नसेल, तर तो मुरुमांचा नव्हे, तर त्वचेवर एरवीही असणाऱ्या मॅलॅसेझिया या बुरशीमुळे झालेला केशकूपांचा दाह असू शकतो. घाम, दमट हवा आणि घट्ट कपडे तिला मानवतात. मुरुमांसाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणू कमी होऊन बुरशीला उलट मोकळे रान मिळते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉईडयुक्त मलम तर खाज चार दिवस दाबून दुखणे वाढवते. त्वचारोगतज्ज्ञ पुळीतला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान पक्के करतात. किटोकोनॅझोलसारख्या बुरशीरोधक औषधाने पुळ्या ओसरतात, मात्र उकाड्यात त्या पुन्हा उठू शकतात.