अपस्माराचा रुग्ण आणि वॉर्डातले नवे हात

रुग्णाला फिट आली की नव्या इंटर्नचा किंवा नर्सचा हात आधी त्याच्या दातांकडे जातो. तोंडात काही घालू नका: चमचा नको, बोटही नको. आवळलेला जबडा उघडण्याच्या खटाटोपात दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जाण्याची भीती तर निराधारच आहे. आधी घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, टणक वस्तू बाजूला करा, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरल्याने फिट थांबत नाही, इजा मात्र होते.

बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तर ‘स्टेटस’ (आपोआप न थांबणारी, लांबलेली फिट) समजून डॉक्टरांच्या आदेशाने लगेच औषध सुरू करायचं. साखरही तेव्हाच तपासायची. मोठ्या माणसाला शिरेतून लोराझेपाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ४. शीर सापडत नसेल आणि वजन ४० किलोच्या वर असेल, तर मिडाझोलाम १० मिलिग्रॅम स्नायूत. डायझेपाम स्नायूत नको, ते किती आणि कधी शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे श्वास मंदावेल या धास्तीने अर्धाच डोस देणं. लांबलेली फिट श्वासाला त्याहून घातक असते. ऑक्सिजन आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवा आणि डोस पूर्ण द्या. त्यापुढचं औषध फेनिटॉइन असेल तर ते फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, कारण डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या आत ठेवा आणि मॉनिटर लावा.

नोंदीत नुसतं ‘फिट आली’ लिहून भागत नाही. सुरुवात कुठल्या हातापायातून झाली, डोळे उघडे होते का, मान कुठे वळली, किती वेळ चाललं, नंतर गोंधळ किती टिकला, हे लिहा. निदान बरंचसं यावरच होतं, कारण ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल आला तरी अपस्मार असू शकतो. शून्यात बघत ओठ चाटणं, बटण चाचपत राहणं हीसुद्धा फिट असू शकते. तिला ‘नाटक’ म्हणू नका. मानसिक ताणाशी जोडलेले झटकेही रुग्ण मुद्दाम आणत नाही.

रुग्णाला खाटेच्या नंबरावरून ‘पाच नंबरची मिरगी’ म्हणण्याचा शब्दप्रयोग वॉर्डातून कायमचा जायला हवा. रुग्ण तो ऐकतो, आणि आजार लपवायचा असतो हे शिकतो. नातेवाईक शिक्षण, लग्न, मूल याबद्दल विचारतात तेव्हा ठामपणे सांगा, की योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. मात्र व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधामुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. त्यामुळे मूल होण्याआधीच औषध बदलण्याचं बोलणं व्हावं, आणि कोणतीही गोळी एकाएकी बंद होऊ नये.

‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहून गेल्या?’ कधीकधी गोळी आपल्याच हातून राहते. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या रुग्णाची सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायची, की शिरेतून पर्याय द्यायचा, हे भूलतज्ज्ञांना आदल्या संध्याकाळीच विचारून चार्टवर लिहून ठेवा.